आमच्या घरी लिनक्स कसं आलं

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात आम्ही बायकाच उरतो. माझा नवरा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन ऊस वाहतुकीला पश्चिमेकडं जातो. दिवाळी झाली की निघतो, होळीच्या आगेमागे परत येतो. मागं राहतो आम्ही, म्हणजे मी, माझ्या सासूबाई, त्यांच्या शेळ्या आणि त्या वर्षी बारावीला असलेली माझी मुलगी. पाटोद्याच्या कडेला घर आहे. पुढं रस्ता, मागं शेळ्यांचा गोठा, त्याच्या मागं शेतं. हंगामात ही बाजू फार शांत होते. शेजारची घरं ऊसतोडीला जातात, त्यांच्या दारांना कुलपं लागतात आणि दिवस कलला की त्यांच्या अंगणात मोकाट कुत्री येऊन बसतात.

मी घरी मराठी टायपिंग करते. लग्नपत्रिकांचा मजकूर, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचं निवेदन, कुणाचा तक्रार अर्ज. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी ठेवलेला. पडद्याच्या वर बोटाएवढा कॅमेरा चिकटवलेला होता. लॉकडाऊनमध्ये मुलीच्या शाळेसाठी घेतलेला, नंतर तो तसाच राहिला. त्याच्यासमोर ती सगळी खोली यायची. दिवाण, मुलीचं अभ्यासाचं टेबल, आतल्या खोलीचं दार. हे मी आता मोजून सांगते आहे. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

कॉम्प्युटर जोडून दिला होता नवऱ्याच्या मित्राने. शाळेपासूनची दोस्ती. त्यांचं स्टँडजवळ दुकान आहे, नवे कॉम्प्युटर जोडून देणं, जुने दुरुस्त करणं. मी त्यांना भाऊजी म्हणायची. माणूस बोलका, कामाला तयार. घरात आले की आधी सासूबाईंच्या पाया पडणार, मग दिवाणावर बसून चहा घेणार. नवरा हंगामाला निघताना दरवर्षी त्यांना सांगून जायचा, घराकडं लक्ष असू दे. लॉकडाऊनमध्ये त्यांनीच एक छोटा प्रोग्राम टाकून दिला होता. तुम्हाला दुकानात यायला नको, काही अडलं तर मी इथून बघीन, असं म्हणाले. आणि खरंच बघायचे. मी फोन करायची, ते दुकानात बसून आमच्या कॉम्प्युटरवरचा बाण हलवायचे, अडलेलं काम सोडवायचे. मुलगी टाळ्या वाजवायची. पुढं सगळं सुरळीत झालं, मी फोन करणं बंद केलं आणि तो प्रोग्राम विसरूनही गेले. घड्याळाशेजारच्या बारीक चिन्हांमध्ये तो कुठंतरी होता.

ज्या हंगामाची ही गोष्ट आहे, त्या हंगामात भाऊजींच्या बोलण्यात काही काही यायला लागलं. एकदा चहा पिता पिता म्हणाले, पोरगी पहाटेचा अभ्यास करतीय, लई चांगलं हाय. मला वाटलं, रस्त्यावरून दिवा दिसत असेल. ते पहाटे आमच्या रस्त्याने कशाला जातील, हा प्रश्न मला पडला, पण पडून तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी एका शाळेतल्या भांडणाचा विषय काढला. त्या भांडणातला एक अर्ज मी टाईप केला होता, तो अजून कुणाकडं पोचलाही नव्हता, आणि त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडात जसाच्या तसा आला. तालुक्याच्या गावात गोष्टी फुटतात, असं मी स्वतःला सांगितलं. अर्ज लिहून घेणाऱ्या बाईनेच कुठं बोलून टाकलं असेल. पण त्यानंतर ते घरात आले की मी ओढणी नीट करायला लागले, आणि ती का करते आहे हे मला सांगता आलं नसतं.

मग एका दुपारी सासूबाई बोलल्या.

त्या बाहेरच्या खोलीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी मागं गोठ्यात पाणी ठेवून आले, हात पुसत उभी राहिले. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तुजं ते मशीन लई कामाचं हाय गं. तू नसलीस तरी करतंय."

मी म्हटलं, "काय करतंय?"

"बाण फिरतंय की. कागुद उघडतंय, बघतंय, परत मिटतंय."

मला वाटलं त्यांना पडदा आपोआप बदलतो ते दिसलं असेल. मी विचारलं, आजच बघितलं का. त्या म्हणाल्या, आजच कुठं, लई येळा बघितलंय, तू सैपाकात असलीस का चालतंय. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात यंत्र म्हणजे आपलं आपण चालणारं. विहिरीवरची मोटार चालते, गिरणी चालते, तसं हे. कित्येक दिवस त्या निवडणटिपण करता करता ते बघत होत्या, जसं आपण रस्त्यावरची रहदारी बघतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर चालू ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवली आणि आतल्या दाराआड उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग बाण हलला. तो अडखळत नव्हता, शोधत नव्हता. त्याला वाट माहीत होती. सरळ फोटोंच्या कप्प्यात गेला. माझ्या भाचीच्या लग्नातले फोटो उघडले. एक फोटो गेला, दुसरा गेला, एकावर थांबला. तो फोटो मोठा झाला. त्यात माझी मुलगी होती, हिरव्या साडीत, पहिल्यांदाच साडी नेसलेली.

मी पुढं गेले आणि माऊसवर हात ठेवला. ठेवताना माऊस सरकला, त्यामुळे बाण जरासा हलला असेल. पलीकडचा हात थांबला. काही क्षण आम्ही दोघंही तसेच. मग बाण कोपऱ्यात गेला, फोटो मिटला, कप्पा मिटला. एखादं माणूस उठून, दार हळूच ओढून घेऊन बाहेर जावं तसं.

ओरडावं, तार उपटावी, असं काहीच मला सुचलं नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "दमलीस का?" मी म्हटलं, हो.

माझी धाकटी बहीण बीडला असते, एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. तिला मी मोबाइलवरून एवढंच लिहिलं की उद्या येते, कॉम्प्युटरचं बोलायचं आहे. आणखी काही लिहायचा धीर झाला नाही. सकाळी मी स्टँडवर गेले नाही. स्टँडवर जायचं तर त्यांच्या दुकानापुढून जावं लागतं. आमच्या कोपऱ्यावर मांजरसुंब्याला जाणारी जीप थांबते, तिच्यात बसले. मांजरसुंब्याला उतरले, ढाब्याच्या बाजूला बीडच्या गाडीची वाट बघत उभी राहिले, आणि मोबाइल वाजला. भाऊजी होते.

"वहिनी, बीडला निघालात जणू. आत्ता स्टँडवर दिसलात."

स्टँडवर मी पाऊलही ठेवलं नव्हतं.

"कॉम्प्युटरचं काही असंल तर मला सांगायचं की. बहिणीला कावून तरास देता?"

ट्रक जात होते, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही असं मी भासवलं. मुलीला कपडे घ्यायला चालले आहे, म्हटलं, आणि फोन ठेवला. बहिणीला मी काय लिहिलं हे त्यांना माहीत होतं. म्हणजे फक्त आमच्या बाहेरच्या खोलीत नव्हे, माझ्या पिशवीतल्या मोबाइलमध्येही ते होते.

बहिणीने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि आधी मोबाइल मागितला. व्हॉट्सअॅपमध्ये, हे कुठं कुठं उघडं आहे ते दाखवणारी एक जागा असते, तिथं तिनं मला नेलं. आमचा घरचा कॉम्प्युटर तिथं होता. तो मी कामाच्या सोयीसाठी जोडला होता, गिऱ्हाईक मजकूर पाठवायचे तो उतरवून घ्यायला, आणि कधी बंद केला नव्हता. म्हणजे घरचा कॉम्प्युटर जो बघत होता, त्याला माझं सगळं बोलणं वाचता येत होतं. तिनं ते तिथल्या तिथं तोडलं. नंतर माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, हा माणूस तुमच्या घरात यायला दार कशाला वाजवंल?"

मला वाटत होतं, कॉम्प्युटर साफ करून पुन्हा विंडोज टाकलं की संपलं. तिनं विचारलं, टाकणार कोण? पाटोद्यात ते टाकून देतात त्याच दुकानात. आमच्याकडं होतं तेही त्यांच्याच पेनड्राइव्हवरून आलेलं, विकत न घेतलेलं. त्यात आणखी काय काय आहे ते त्यांनाच माहीत. मग तिनं विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचं सांगितलं. मी नाव ऐकून होते, पण ते मोठ्या शिकलेल्यांचं काम असं धरून चालले होते. ती म्हणाली, ते फुकट आहे, ज्यांनी केलं त्यांच्याकडून सरळ उतरवून घेता येतं, मध्ये कुठलं दुकान लागत नाही. तुला एवढंच पाहिजे ना, की मध्ये कुणी नको?

तिनं मला तिच्या लॅबमध्ये बसवलं आणि सगळं माझ्या हातानं करायला लावलं. मी म्हटलं, तूच करून दे. ती म्हणाली, मी करून दिलं तर उद्या काही अडलं की तू मला बोलावशील, आणि मग तुझ्या घरात आणखी एकाचा हात राहील. मला ते तेव्हा कठोर वाटलं. ती बहीण होती, तिचा हात असता तर काय बिघडलं असतं? पण ती ऐकेना. मी लिनक्सची पेनड्राइव्ह तयार केली, तिच्या एका जुन्या यंत्रावर ती चालवून बघितली. पडदा उजळला, खाली डाव्या कोपऱ्यात ओळखीचा वाटावा असा मेनू आला. पेनड्राइव्हवरून असं चालवलं तर कॉम्प्युटरमधलं काहीच बदलत नाही, नुसतं बघता येतं, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. आधी आवाज येतो का बघ, इंटरनेट लागतं का बघ, प्रिंटर ओळखतो का बघ. एखादा दिवस त्याच्यावरच काम कर. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढ, जुनं जसंच्या तसं असेल. आणि काही झालं तरी जुनी डिस्क पुसू नकोस. तिच्यात तुझं काम आहे, आणि त्यानं काय केलं तेही तिच्यात असेल. आम्ही बीडच्या बाजारात जाऊन नवी डिस्क घेतली. दुकानदाराने सहज विचारलं, कुठल्या तुम्ही, तर मी तलवाड्याची म्हणून सांगितलं. ते माझं माहेर. पाटोदा तोंडातून निघालं नाही.

घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे सासूबाईंच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मोठी टिकली काढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर लावली. मुलगी बघत होती. तिला सांगणं भाग होतं. मी जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढ्यात सांगितलं, फोटोचं सांगितलं नाही. मग तिनं एकच विचारलं, "आई, कधीपासून?"

ते मला माहीत नव्हतं. तिनं आपलं टेबल उचललं, एकटीनंच ओढत आतल्या खोलीत नेलं. तिथं खिडकी नाही, उजेड कमी. मी म्हटलं, आता टिकली लावली आहे, राहू दे बाहेर. तिनं ऐकलं नाही.

इंटरनेटची तार काढून मी दिवसाउजेडी कामाला बसले. कॉम्प्युटर चालू होता होता एक बटण दाबायचं असतं, म्हणजे तो पेनड्राइव्हवरून उठतो. ते साधायला मला बऱ्याच खेपा लागल्या. प्रत्येक वेळी जुनाच पडदा यायचा आणि मला वाटायचं, त्यानं काहीतरी करून ठेवलं आहे, हे यंत्र आता त्याचंच ऐकतं. फोनवर बहीण म्हणायची, असं काही नाही, बटण जरा आधी दाब. शेवटी लागलं. आवाज आला, प्रिंटरने पान काढलं. त्या प्रिंटरचा स्कॅनर मात्र कधी चालला नाही, तो आजही चालत नाही, ती गोष्ट मी सोडून दिली. दोन दिवस पेनड्राइव्हवरच काम केलं. मग कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले. आत धूळ होती, आणि एका कोपऱ्यात त्यांच्या दुकानाचं छोटं लेबल. जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळली, नवी बसवली, तिच्यावर लिनक्स टाकलं. पासवर्ड विचारला तेव्हा मी बराच वेळ बसून राहिले. घरातलं कुठलंच नाव, कुठलीच तारीख चालणार नव्हती. ती सगळी त्यांना पाठ होती.

जुन्या डिस्कवरच्या फायली वेगळ्या कशा काढायच्या हे बहिणीने मला शिकवलं होतं. फक्त मजकूर आणि फोटो, बाकी एकही वस्तू नवीकडं न्यायची नाही. मी एक प्रश्नपत्रिका उघडली आणि घाबरले. मराठीचा मागमूस नव्हता. सगळ्या पानभर इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा खच, वाचताच येऊ नये असा. दुसरी उघडली, तीही तशीच. वर्षानुवर्षांचं काम कुणीतरी चघळून थुंकल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, त्यानं जाता जाता हे केलं.

बहीण फोनवर हसली नाही, ते बरं झालं. तिनं समजावलं. आम्ही मराठी टायपिंगवाले वर्षानुवर्षं जे फॉन्ट वापरत आलो, त्यात कॉम्प्युटरला मराठी कळतच नव्हतं. तो इंग्रजी अक्षरं साठवायचा आणि त्यांच्या अंगावर मराठीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा नव्या जागी नाही, म्हणून आतलं दिसतंय. फॉन्टची फाइल आणून ठेवली की जुनं वाचता येईल, पण यापुढं युनिकोडमध्येच लिही, त्यात कॉम्प्युटरला मराठी मराठी म्हणूनच कळतं. तसं मी केलं. बोटांना जुनी सवय होती, नवी मांडणी शिकताना महिनाभर काम निम्म्यावर आलं. अक्षरं जागेवर सापडेनात. माझ्याच घरात कुणी भांडी हलवून ठेवावीत तसं झालं. जे कुणी मराठीचं काम करतं आणि लिनक्सवर यायचं म्हणतं, त्याला मी हे आधी सांगते. बाकी सगळं जमतं. हे दुखतं.

नवीन डिस्क बसवून आठवडा झाला नसेल. मी टायपिंग करत होते. दारातून आवाज आला, "वहिनी, कॉम्प्युटर बंद कावून ठिवलाय? लई दिवस झालं, बंदच दिसतोय."

भाऊजी आत आले आणि थांबले. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर अर्धवट लग्नपत्रिका होती, कोपऱ्यात घड्याळ चालत होतं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग टिकलीकडं. सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्या दिवशी त्यांच्या पाया पडायचं भाऊजींच्या लक्षात राहिलं नाही.

सासूबाईंनी मान वर केली. "तुला कसं कळलं रं, बंद हाय म्हणून?"

त्यांनी ते डाव टाकायला विचारलं नव्हतं. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं.

भाऊजी हसले. "दुकानात दिसतं ना आत्या. वहिनींनीच लावून घेतलंय ते, लाकडाऊनमदी." आणि हे खरंच होतं. मी लावून घेतलं होतं. मी आभार मानले होते. पुढचं सगळं त्या एका वाक्याआड उभं राहणार हे मला तेव्हाच दिसलं.

ते खुर्चीकडं आले. म्हणाले, बघू, नीट टाकलंय का, असल्या गोष्टींनी मशीन खराब होतं. मी खुर्चीतून उठले पण बाजूला झाले नाही.

"नको, भाऊजी."

"जुनी डिस्क कुठंय?"

त्यांनी ते अगदी हलक्या आवाजात विचारलं, चहात साखर किती, असं विचारावं तसं. माझ्या मनात आलं, माणूस आधी विचारतो, नवं काय टाकलं, कुणी टाकलं. हा डिस्कचं विचारतो आहे.

"बीडला आहे," मी म्हटलं. ती खरंच तोवर बहिणीकडं गेली होती.

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं, त्याच्याकडं त्यांनी बघितलं. आत मुलगी होती. मग चपला घालता घालता म्हणाले, "पोरीचं बारावीचं वर्ष हाय. मन लावून करू द्या तिला. उगं कशात पाडू नका." आणि गेले. ते येण्याआधी मी चहा ठेवला होता, तो उतू गेला.

सासूबाई नंतर म्हणाल्या, ते पोरगं आज आसं कसं करत होतं. मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्या लसूण सोलत राहिल्या. खूप वेळाने म्हणाल्या, "म्या रोज बघत बसले गं." एवढंच. त्यानंतर त्या बाहेरच्या खोलीत बसायच्या नाहीत, गोठ्याच्या तोंडाशी बसायच्या.

नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. मागं कारखान्याचा आवाज होता, ट्रॅक्टर रांगेत उभे होते. तो ऐकून म्हणाला, तूच टाकून घेतलं होतंस ना? नंतर म्हणाला, त्याच्या मनात तसं नसेल, दुकानदार माणूस, काही बघत असेल दुरुस्तीचं. मी फोटोचं सांगितलं, हिरव्या साडीचं. आल्यावर बघतो, तो म्हणाला. बहीण म्हणत होती, तक्रार कर, डिस्क आहे, तज्ज्ञ माणसं बघतील. पण तक्रार म्हणजे मुलीचं नाव, मुलीचे फोटो, पाटोद्याच्या प्रत्येक टपरीवर. परीक्षा तोंडावर होती. मी आज-उद्या करत राहिले. त्या दिवसांत मी शेळ्या ओरडल्या तरी दार उघडून बघायची. कुणी येत नसे. रस्त्यावरून त्यांची मोटारसायकल जायची, आमच्या घरापुढं हळू व्हायची, असं मला वाटायचं. खरंच हळू व्हायची की मला वाटायचं, हे मी आजही सांगू शकत नाही.

होळीच्या सुमाराला नवरा आला. ट्रॅक्टर लावला, आंघोळ केली आणि दुकानाकडं गेला. दिवस मावळायला आला तरी परतला नाही तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मग आला. हातपाय धुतले, जेवला. काय झालं, मी विचारलं. म्हणाला, "तो आता इकडं येणार न्हाई. विषय बंद." दोघांमध्ये काय बोलणं झालं, हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. त्याची शाळेपासूनची दोस्ती होती. मला कधी कधी वाटतं, ते दोघं तिथं बसून नुसता चहा प्याले असतील.

मुलगी बारावी पास झाली, बीडला शिकायला गेली, माझ्या बहिणीकडं राहते. चांगली आहे. फोनवर व्हिडिओने बोलायला तिला आवडत नाही, आवाजावरच बोलते. डिस्क बहिणीच्या कपाटात आहे. तिनं ती लावून बघितली नाही. ती म्हणाली, बघायची तर तू समोर बस, मी एकटी बघणार नाही. मी अजून बसलेले नाही. काय निघेल याची भीती वाटते, आणि काहीच निघालं नाही तर काय, याचीही.

माझ्याकडं कामाला येणाऱ्या बायकांना माझा पडदा वेगळा दिसतो, त्या विचारतात. मी सांगते, लिनक्स आहे, अवघड नाही, आधी पेनड्राइव्हवर चालवून बघा, फायली दोन ठिकाणी ठेवा, मग हळूहळू. बहुतेकींना त्यात रस नसतो. पण एक शिक्षिका प्रश्नपत्रिका घेऊन आली होती, ती ऐकता ऐकता थांबली. म्हणाली, "आमच्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याचा दिवा कधी कधी आपोआप लागतो. तसं असतं का हो?" मी विचारलं, कॉम्प्युटर कुठून घेतला. तिनं स्टँडजवळच्या दुकानाचं सांगितलं. मी तिच्या घरी गेले, तिच्याच हातानं सगळं करवून घेतलं, तिची जुनी डिस्क तिच्या हातात दिली. का, ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. माझ्याकडं बघितलं फक्त, आणि डिस्क पदराखाली घेतली. त्यानंतर आणखी काही घरं झाली. तालुक्यात त्या दुकानाचे किती कॉम्प्युटर आहेत, कुणास ठाऊक.

ते दुकान जोरात चाललं आहे. कॉम्प्युटरचा धंदा आता मोबाइलमुळे कमी झाला, म्हणून त्यांनी घरांना कॅमेरे बसवून द्यायचं काम धरलं आहे. हंगामात घरं बंद असतात, चोऱ्या होतात, लोकांना कॅमेरे पाहिजेत. बसवणारा ओळखीचा असला की लोकांना बरं वाटतं. मागच्या दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावर तीन घरांना लागले. समोरचं घर तोडीला गेलं आहे, त्यांच्या ओसरीवर एक आहे. तो त्यांच्या दाराकडं असायला हवा. मी सकाळी अंगण झाडताना बघते, तो आमच्या फाटकाकडं वळलेला असतो, आणि त्याच्यात एक लाल ठिपका जळत असतो.